ग्रंथालयाच्या संगणकांवर डीफॉल्ट एडिटर बसवताना : प्रकल्प नोंदी

२ ऑगस्ट २०२५

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातील आमच्या गावच्या मराठी ग्रंथालयाची सूची आम्ही साध्या मजकुराच्या फाइलींत लिहितो आणि गिटमध्ये, म्हणजे फाइलींतील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या कार्यक्रमात, जतन करतो. वाचनकक्षात डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आणि एक्सएफसीई डेस्कटॉप असलेली यंत्रे आहेत आणि आतल्या खोलीत पडदा नसलेला एक छोटा सर्व्हर आहे, ज्यावर आम्ही एसएसएचनेच, म्हणजे दुसऱ्या यंत्रावरून नेटवर्कद्वारे, जातो. नोंदी करणारी माणसे म्हणजे ग्रंथपालबाई, गावातले एक निवृत्त मास्तर आणि सुट्टीत येणारी कॉलेजची मुले. हे काम हाती घेण्याचे कारण एकच आहे. गिटमध्ये कमिट करताना, म्हणजे झालेला बदल पक्का नोंदवताना, संदेश लिहिण्यासाठी जी खिडकी उघडते, तिच्यात विम हा एडिटर, म्हणजे मजकूर लिहिण्याचा कार्यक्रम, उघडत होता, आणि नोंद पूर्ण झालेली असूनही माणसे तिथेच काम टाकून उठत होती.

डेबियनमध्ये मुळात नॅनो या साध्या एडिटरला विमपेक्षा वरचा क्रम दिलेला असतो. पण आमची यंत्रे पूर्वी ज्याने लावून दिली, त्याने सर्वत्र विम ठेवला होता. विम उत्तम आहे आणि मी स्वतः तोच वापरतो. मात्र मराठी कळफलक चालू असताना नवख्या माणसाची त्यात कशी कोंडी होते, हे आज मास्तरांच्या शेजारी बसून पाहिले. विम उघडतो तेव्हा तो आज्ञा घेण्याच्या अवस्थेत असतो, त्याला इंग्रजी अक्षरांच्याच आज्ञा कळतात, आणि इनस्क्रिप्ट या मराठी कळमांडणीतून आलेले कोणतेही मराठी अक्षर तो सोडून देतो. "अरे, मी लिहितोय, पण अक्षर उमटतच नाही रे," असे मास्तर म्हणाले. बाहेर पडण्यासाठी एस्केप दाबून कोलन आणि क्यू द्यायचा, हे त्यांना कोणी तरी कागदावर लिहून दिले होते. परंतु इनस्क्रिप्टमध्ये कोलनच्या कळीवर 'छ' बसतो आणि क्यूच्या कळीवर औकाराची मात्रा. त्यामुळे कळफलक इंग्रजीवर आणल्याशिवाय त्या कागदाचा काहीच उपयोग होत नाही.

पुढील नोंदींविषयी एक सूचना करतो. आज्ञा आणि फाइलींची नावे मी नागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना ती रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत द्यावीत. 'एडिटर' आणि 'व्हिज्युअल' ही दोन व्हेरिएबले, म्हणजे कोणता एडिटर उघडायचा हे कार्यक्रमांना सांगणारी नाव दिलेली मूल्ये, आणि पुढे येणारी इतर व्हेरिएबले यांची नावे मात्र संपूर्ण कॅपिटल अक्षरांत असतात.

संध्याकाळी पहिला प्रयत्न केला. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, एडिटर=नॅनो एवढेच लिहिले. मूल्य दाखवणाऱ्या एको आज्ञेने विचारल्यावर उत्तर 'नॅनो' आले, तरी गिटने विमच उघडला. केवळ असे लिहिल्याने ते मूल्य त्या शेलपुरतेच, म्हणजे टर्मिनलमध्ये आज्ञा घेणाऱ्या कार्यक्रमापुरतेच, राहते. शेलने सुरू केलेल्या कार्यक्रमांपर्यंत ते पोचावे यासाठी एक्सपोर्ट लागते:

एक्सपोर्ट एडिटर=नॅनो

म्हणून तपासणीसाठी एको वापरू नये, प्रिंटएन्व्ह वापरावे. एको शेलचे खासगी मूल्यही दाखवते, तर प्रिंटएन्व्ह फक्त बाहेर गेलेलेच मूल्य दाखवते, आणि गिटला तेवढेच दिसते. आज वेळ गेला तो या एका फरकात. मुलांपैकी एकाने बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडली, तेव्हा बॅशने, म्हणजे आमच्या शेलने, 'एडिटर' नावाची आज्ञा सापडत नाही असे सांगितले. तिथे जागा अजिबात चालत नाही.

३ ऑगस्ट

टर्मिनल बंद केले की कालचे मूल्य जाते, म्हणून तीच ओळ बाईंच्या खात्यातील .प्रोफाइल या फाइलीत घातली. सर्व्हरवर एसएसएचने गेल्यावर नॅनो उघडला. वाचनकक्षातील यंत्रावर तीच ओळ तशीच घालून, यंत्रातून बाहेर पडून पुन्हा आत आल्यावरही डेस्कटॉपच्या टर्मिनलमध्ये विमच उघडत राहिला.

एसएसएचने आत येताना मिळतो तो लॉगिन शेल असतो आणि तो .प्रोफाइल वाचतो. डेस्कटॉपवर उघडलेली टर्मिनलची खिडकी सहसा लॉगिन शेल नसते, ती .बॅशआरसी वाचते. काही डेस्कटॉपांवर आत येतानाच .प्रोफाइल वाचले जाते आणि पुढे खिडक्यांनाही ते मूल्य मिळते. डेबियनवरील लाइटडीएम या लॉगिनच्या पडद्यातून आत आल्यास तसे होत नाही. दुसऱ्या वितरणाच्या भरवशावर लिहिलेली कृती आमच्याकडे चालली नाही ती यामुळे. मास्तरांच्या खात्यात आणखी एक अडचण निघाली. तिथे .बॅश_प्रोफाइल नावाची जुनी फाइल पडून होती, आणि ती असली की बॅश .प्रोफाइलकडे वळतच नाही. त्या फाइलीत उपयोगाचे काही नव्हते, म्हणून तिचे नाव बदलून ठेवले.

प्रत्येक खात्यात वेगळी ओळ घालणे मला पसंत नव्हते, कारण दर सुट्टीत नवी मुले येतात आणि नवी खाती उघडली जातात. म्हणून शेवटी जागा निवडली ती /इटीसी/बॅश.बॅशआरसी. डेबियनमधील बॅश ही फाइल प्रत्येक संवादी शेलसाठी, म्हणजे माणूस ज्यात आज्ञा टाइप करतो अशा शेलसाठी, वाचतो, आणि लॉगिन शेल असला तरी /इटीसी/प्रोफाइल तिलाच हाक मारते. त्यामुळे टर्मिनलची खिडकी आणि एसएसएच या दोन्ही वाटा इथे एकत्र येतात. माणसाची स्वतःची .बॅशआरसी हिच्यानंतर वाचली जाते, तेव्हा ज्याला विम हवा असेल त्याने आपल्या खात्यात तसे लिहावे. त्याचे ऐकले जाते.

मूळ फाइलीत मजकूर भरला नाही. आमच्या ओळी /इटीसी/ग्रंथालय-एडिटर.एसएच या वेगळ्या फाइलीत ठेवल्या आणि बॅश.बॅशआरसीच्या शेवटी ती फाइल वाचणारी एकच ओळ जोडली. वितरणाची ती फाइल पुढे अद्ययावत होताना प्रणाली 'तुमची ठेवू की नवी घेऊ' असे विचारते, आणि त्या वेळी नवी घेऊन एक ओळ पुन्हा जोडणे सोपे जाते.

काही ठिकाणी या कामासाठी /इटीसी/एन्व्हायरन्मेंट सुचवलेली दिसते. तीही चालते, पण ती शेलची फाइल नव्हे. तिथे नाव आणि मूल्य एवढेच लिहिता येते, 'अमुक असेल तर' अशी अट घालता येत नाही, आणि आम्हाला पुढे अट लागणार असे दिसत होते.

९ ऑगस्ट

खिडकीजवळच्या यंत्रावर मास्तरांच्या खात्यात अजून विमच उघडत होता. प्रिंटएन्व्ह नॅनो दाखवत होते, ठरलेल्या वेळी चालणाऱ्या कामांची यादी असलेला क्रॉनटॅबही नॅनोत उघडत होता, अडले होते ते फक्त गिट. असे झाल्यास पुढची आज्ञा लगेच द्यावी:

गिट व्हार गिट_एडिटर

शेवटचा शब्द कॅपिटल अक्षरांत द्यायचा. गिट सर्व ठिकाणे पाहून शेवटी कोणता एडिटर उघडणार, ते ही आज्ञा थेट सांगते. उत्तर 'विम' आले. गिट आधी स्वतःचे 'गिट_एडिटर' हे व्हेरिएबल पाहतो, नंतर आपल्या मांडणीतील कोअर.एडिटर, त्यानंतर 'व्हिज्युअल', मग 'एडिटर', आणि यांपैकी काहीच नसेल तर बांधणीच्या वेळी ठरवून दिलेला एडिटर. मास्तरांच्या .गिटकॉन्फिगमध्ये कोअर.एडिटर विम म्हणून नोंदलेला होता, त्यामुळे आमची सगळी व्यवस्था त्याच्या खालच्या पायरीवर राहिली. ती नोंद कोणत्या फाइलीत आहे हे गिट कॉन्फिगला --शो-ओरिजिन जोडून विचारल्यास कळते. ती काढून टाकली आणि काम झाले.

मी पुन्हा हे काम केले तर ही तपासणी पहिल्याच दिवशी, प्रत्येक खात्यात करीन.

१० ऑगस्ट

आज सर्वांनी नॅनोवर नोंदी केल्या. मराठी कळफलकावर काम करणाऱ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगतो. नॅनोच्या तळाशी कंट्रोल-ओ आणि कंट्रोल-एक्स लिहिलेले असते, पण त्याच कामांसाठी एफ-३ आणि एफ-२ याही कळा आहेत : एफ-३ ने जतन, एफ-२ ने बाहेर. कळफलक मराठीत आहे की इंग्रजीत, याचा त्यांवर काहीच परिणाम होत नाही. मास्तरांना या दोन कळा दाखवल्यावर त्यांनी एका बैठकीत नाटकांचे अर्धे कपाट नोंदवले. भाषा न बदलता सुरुवातीपासून शेवटापर्यंत काम होणे, हेच मला हवे होते.

मात्र दुपारी बाईंनी टर्मिनलकडे बोट दाखवून विचारले, "अहो, हे जोडाक्षर असेच तुटके दिसणार का?" त्यांची शंका रास्त होती. टर्मिनल प्रत्येक अक्षराला चौकटीतील ठरलेली जागा देते. नागरीत मात्र 'स्त्री' लिहायला अनेक चिन्हे लागतात आणि दिसताना ती एकत्र यावी लागतात. आमच्या टर्मिनलमध्ये हलन्त सुटा दिसतो, पहिली वेलांटी भलत्या जागी जाते आणि कर्सर दिसतो एका अक्षरावर, खोडतो दुसरेच. फाइलीत मजकूर अचूक असतो. बिघडते ते फक्त दिसणे. पण ज्या सूचीत लेखकाच्या नावातला एक रफार चुकला तरी पुस्तक सापडत नाही, तिथे लिहिणाऱ्याला आपण लिहिलेले नीट दिसलेच पाहिजे. फॉन्ट बदलून पाहिल्यावर थोडा फरक पडला, पुरेसा नाही.

म्हणून डेस्कटॉपवर जीएडिट हा स्वतंत्र खिडकीत चालणारा एडिटर उघडावा असे ठरवले. सूचीच्या फाइली माणसे एरवी त्यातच लिहितात, आणि त्यात नागरी व्यवस्थित दिसते.

१७ ऑगस्ट

या कामातला सर्वाधिक वेळ ज्यात गेला, ती ही नोंद.

'व्हिज्युअल'चे मूल्य जीएडिट केले आणि माझ्या खात्यात तपासले. कमिट दिल्यावर जीएडिट उघडला, संदेश लिहिला, जतन करून खिडकी बंद केली, कमिट झाले. तेच बाईंच्या खात्यात केले तेव्हा जीएडिट उघडला खरा, पण त्यांनी पहिले अक्षर लिहिण्याच्या आतच टर्मिनलमध्ये गिटने संदेश रिकामा असल्याने कमिट रद्द केल्याचे सांगितले. बाईंनी पुढे शांतपणे पूर्ण संदेश लिहिला, जतन केला, आणि तो कुठेच गेला नाही. दोन्ही खात्यांतील व्हेरिएबले आणि गिटची मांडणी जुळवून पाहिली. तसूभरही फरक नव्हता. मग माझ्याही खात्यात ते एकदा फसले आणि पुढच्या वेळी पुन्हा चालले.

फरक होता तो जीएडिटची खिडकी आधीपासून उघडी असण्यात. ती उघडी नसेल तर नव्याने सुरू झालेला जीएडिट खिडकी बंद होईपर्यंत जिवंत राहतो आणि गिट त्याची वाट पाहतो. ती आधीच उघडी असेल तर नवा जीएडिट फाइल जुन्या खिडकीच्या स्वाधीन करतो आणि स्वतः लगेच संपतो. गिटला वाटते की लिहून झाले, तो फाइल वाचतो आणि ती रिकामी सापडते. बाईंच्या पडद्यावर सूचीची फाइल दिवसभर उघडी असते, म्हणून त्यांचे कमिट प्रत्येक वेळी पडत होते. मी मात्र रिकाम्या डेस्कटॉपवर तपासत होतो. ज्याला ही व्यवस्था वापरायची आहे, त्याच्या नेहमीच्या पडद्यावर, त्याच्या नेहमीच्या खिडक्या उघड्या असताना तपासल्याशिवाय असे दोष दिसत नाहीत.

उपाय म्हणजे --वेट हा पर्याय. तो दिल्यावर जीएडिट ती फाइल बंद होईपर्यंत परत फिरत नाही. व्हीएस कोड या एडिटरलाही याच नावाचा पर्याय द्यावा लागतो, आणि जीव्हिम या विमच्या खिडकीवाल्या रूपाला -एफ. ओळ अशी झाली:

एक्सपोर्ट व्हिज्युअल="जीएडिट --वेट"

अवतरणचिन्हे सोडू नयेत. ती नसताना बॅश --वेट हे दुसऱ्या व्हेरिएबलचे नाव समजतो, ते नाव वैध नाही अशी तक्रार करतो आणि 'व्हिज्युअल'मध्ये नुसता जीएडिट ठेवतो. म्हणजे वरचाच दोष परत येतो, आणि ती तक्रार टर्मिनल उघडताना वर सरकून गेली तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

एक सवय मात्र सर्वांना लावावी लागली. --वेट असताना फाइल जतन करणे पुरेसे नाही, तिचा टॅब बंद करावा लागतो. तोपर्यंत टर्मिनलमध्ये गिट 'एडिटरने फाइल बंद करण्याची वाट पाहत आहे' अशा अर्थाची ओळ दाखवत थांबतो. मुलांपैकी एकाने ते अडकले आहे असे समजून टर्मिनलच बंद केले होते.

पावसामुळे दुपारी वीज गेली. विम आपल्या स्वॅप फाइलीतून अर्धवट मजकूर परत मिळवून देतो, नॅनो अशा वेळी काही वाचवू शकत नाही, आणि जीएडिटचे आपोआप जतन मुळात बंद असते. ते सर्व खात्यांत चालू करून मध्यंतर दोन मिनिटांवर आणले.

२३ ऑगस्ट

अपेक्षेप्रमाणे सर्व्हरवर अडले. तिथे जीएडिट नाही आणि पडदाही नाही, तरी मी सगळीकडे एकच फाइल ठेवल्यामुळे 'व्हिज्युअल' जीएडिट सांगत होता, आणि गिट 'एडिटर'पर्यंत न पोचता एडिटर चालवण्यात अडचण आल्याचे सांगून थांबला. घरून वाचनकक्षातील यंत्रावर एसएसएचने आल्यावरही तेच झाले, कारण त्या वाटेने डेस्कटॉपचा पडदा मिळत नाही. म्हणून फाइलीत अट घातली. 'एडिटर' सर्वत्र नॅनो. 'डिस्प्ले' हे व्हेरिएबल भरलेले असेल, म्हणजे पडदा असेल, आणि 'एसएसएच_कनेक्शन' रिकामे असेल, म्हणजे एसएसएचने आलेले नसू, तरच 'व्हिज्युअल' जीएडिट, नाही तर तोही नॅनो.

जुन्या काळी 'एडिटर' हे एकेका ओळीवर काम करणाऱ्या एडिटरसाठी होते आणि 'व्हिज्युअल' हे संपूर्ण पडदा वापरणाऱ्या, म्हणजे १९७६ मध्ये बिल जॉय यांनी लिहिलेल्या व्हीआयसारख्या एडिटरसाठी. आज अनेक जण दोन्हींना एकच मूल्य देतात आणि बहुधा ते योग्यच असते. आमच्याकडे मात्र या दोन व्हेरिएबलांचा खरा उपयोग झाला.

सर्व कार्यक्रम ती एकाच क्रमाने पाहत नाहीत, हे लक्षात ठेवावे. गिट आणि क्रॉनटॅब आधी 'व्हिज्युअल' पाहतात, तर यंत्रावरील सेवा आणि टायमर सांभाळणारा सिस्टमसीटीएल आपल्या 'सिस्टमडी_एडिटर'नंतर आधी 'एडिटर' पाहतो. रोजच्या प्रतीसाठी लावलेला टायमर बाईंच्या खात्यातून संपादित करताना डेस्कटॉपवरही नॅनो उघडला, तो याच कारणाने. त्यात बिघाड काही नाही, म्हणून तो तसाच ठेवला.

उघडी टर्मिनले बंद करून नवी उघडल्याशिवाय यातला कोणताही बदल दिसत नाही. या पूर्ण कामात पैसे काहीच लागले नाहीत, लागला तो वेळ, आणि त्यातला बराच भाग जुन्या टर्मिनलमध्ये नवा बदल शोधण्यात गेला.

२४ ऑगस्ट

सुडो (रूटच्या, म्हणजे यंत्राच्या मुख्य खात्याच्या, अधिकाराने कार्यक्रम चालवणारी आज्ञा) लावून क्रॉनटॅब उघडला की अजून विमच येतो. सुडो वापरकर्त्याची बहुतेक व्हेरिएबले पुसून मगच पुढचा कार्यक्रम चालवतो, त्यामुळे आमची फाइल तिथे पोचतच नाही. डेबियनच्या सुडोअर्स या सुडोच्या मांडणीच्या फाइलीत 'एडिटर' राखून ठेवणारी एक ओळ टिप्पणीच्या रूपात दिलेली असते. ती मी चालू केली नाही, कारण त्यामुळे वापरकर्त्याने सांगितलेला कोणताही कार्यक्रम रूटच्या अधिकाराने चालू शकतो. त्याऐवजी प्रणालीचा सामाईक एडिटरच बदलला:

सुडो अपडेट-अल्टर्नेटिव्हज --कॉन्फिग एडिटर

यादी येते, तिच्यातून नॅनो निवडला. पूर्वी विम बसवला गेला होता तो इथूनच. रूटच्या घरात .सिलेक्टेड_एडिटर ही फाइल मिळाली, तिच्यातही विम होता. सिलेक्ट-एडिटर ही आज्ञा रूट म्हणून चालवून तीही बदलली.

/इटीसीमधील फाइल बदलायची असेल तेव्हा सुडो लावून एडिटर चालवण्यापेक्षा सुडोएडिट वापरावा. तो फाइलीची तात्पुरती प्रत काढतो, एडिटर आपल्याच अधिकाराने आणि आपल्याच व्हेरिएबलांनुसार चालवतो, आणि एडिटर बंद झाल्यावर प्रत मूळ जागी लिहितो. जीएडिट तिथे नीट चालला, अर्थात --वेट असल्यामुळेच.

चवथीसाठी ग्रंथालय बंद राहणार असल्याने पुढचे काम नंतर.

६ सप्टेंबर

मडगावच्या एका विद्यार्थिनीने आपल्या मॅकवरून सूचीत भर घालायला घेतली. तिथे २०१९ पासून नव्या खात्यांना झेडएसएच हा शेल मिळतो, म्हणून ओळ .झेडएसएचआरसीत घालायची. तिला विमच हवा होता. तो बसवल्यावर टर्मिनलमध्ये ओळीच्या सुरुवातीला नेणारे कंट्रोल-ए आणि जुन्या आज्ञा शोधणारे कंट्रोल-आर बंद पडले. सुरू होताना या दोन व्हेरिएबलांपैकी एकात 'व्हीआय' ही दोन अक्षरे दिसली, की झेडएसएच आपला ओळ-संपादनाचा कळसंचही व्हीआयच्या पद्धतीचा करतो. त्याच फाइलीत बाइंडकी -ई ही ओळ घातल्यावर कळा पूर्ववत झाल्या आणि एडिटर विमच राहिला.

बाईंनी दाखवलेली एक गोष्टही आज मिटवली. कमिटसाठी जीएडिट उघडतो तेव्हा बदललेल्या फाइलींची नावे खाली येतात, पण आमची मराठी नावे तिथे उलट्या तिरप्या रेघा आणि आकड्यांच्या माळेसारखी दिसत होती. एकट्या 'म'च्या जागी ३४०, २४४, २५६ असे तीन आकडे. एडिटरचा त्यात दोष नाही, गिटच ती नावे तशी लिहून देतो. कोअर.कोटपाथचे मूल्य फॉल्स केल्यावर नावे नागरीत आली. हा बदल --सिस्टम देऊन केला, त्यामुळे त्या यंत्रावरील सर्व खात्यांना तो लागू झाला.

उरलेले काम म्हणजे डेबियन १३ वर जाणे. ९ ऑगस्टला ते प्रकाशित झाले आहे, पण नाताळच्या सुट्टीतच हात घालायचा असे ठरले आहे. त्या वेळी बॅश.बॅशआरसीतील आमची ओळ राहिली आहे का, जीएडिट आणि त्याचा --वेट तसाच आहे का, आणि गिट व्हार प्रत्येक खात्यात काय सांगते, हे बाईंच्या पडद्यावर सूचीची फाइल उघडी ठेवूनच पाहायचे आहे.